टायरवरची अक्षरं वाचायला शिका



प्रवासाला निघायचं ठरलं की आपली धांदल काय वर्णावी! दशम्या-चटण्या, पाण्याची बाटली, मुलांची औषधं, सासूबाईंचा चष्मा, गॅसचा कॉक, शेजारी द्यायची किल्ली, सगळं आपण दोनदा तपासतो. गाडीत बसताना मात्र एकदाही खाली वाकून चाकाकडे पाहत नाही. ‘ते खातं ह्यांचं’, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर ‘हे’सुद्धा चाकाला बुटाचं टोक मारून ‘ठीक आहे’ म्हणतात, तेवढंच.

यावेळी हा विषय घ्यायचं कारण वाशीमच्या एका वाचक भगिनींचं पत्र. त्या लिहितात: ‘मे महिन्यात पुतण्याच्या लग्नाला आम्ही आमच्या गाडीने नाशिकला जाणार आहोत. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. गाडी छोटी अल्टो, दहा वर्षांपूर्वी घेतलेली. गावातल्या गावातच फिरते, त्यामुळे टायर अजून पहिलेच आहेत. ह्यांचं म्हणणं, टायरवर नक्षी भरपूर आहे, बदलायची गरज नाही. मी हट्ट धरला म्हणून टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, या मापाचे टायर सध्या नाहीत, पण मारुती ८०० चे आहेत. रिम तीच, बारा इंची. बिनधास्त बसतील. हवा जरा जास्त, चाळीस ठेवा, म्हणजे वजन पेलतील. ताई, हे बरोबर आहे का? समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या वाचून जिवाचा थरकाप होतो.’

भगिनींनी विचारलं ते फार बरं केलं. कारण या एका पत्रात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत: टायर जुना केव्हा म्हणायचा, नवा कोणत्या मापाचा घ्यायचा आणि हवा किती भरायची. तिन्हींची उत्तरं कुणाच्या अंदाजावर अवलंबून नाहीत. ती गाडीवरच लिहिलेली असतात. फक्त वाचायला हवीत.

वजन कोण उचलतं?

आधी एक मूळ गोष्ट मनात पक्की करू या. गाडीचं वजन रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. टायर म्हणजे ती हवा धरून ठेवणारी मजबूत पिशवी. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात धरून भराभर वाकवली की ती गरम होते, हे आपण पाहिलेलं आहे. टायरचंही तेच. वेग जास्त, वजन जास्त, ऊन जास्त आणि हवा कमी, अशी चौकडी जमली की आतली उष्णता वाढत जाते, रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडतात, आणि मग टायर फुटतो. ‘अचानक फुटला’ असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा त्याची तयारी आधी कितीतरी किलोमीटर चाललेली असते.

गावात तीस-चाळीसच्या वेगाने पाच-सात मिनिटं जाणाऱ्या गाडीचा कमकुवत टायर वर्षानुवर्षं तगून जातो. त्याची परीक्षा होते ती लांबच्या, सरळ, वेगाच्या रस्त्यावर. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत खुला झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सिमेंटचा रस्ता, विदर्भ-मराठवाड्याचं ऊन आणि तासन्‌तास न थांबता धावणं. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याला या रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली. तेव्हा भगिनींची भीती अनाठायी नाही. पण नुसतं घाबरून काय होणार? टायर बघायला शिकू या.

टायरचं वय

मसाल्याच्या पाकिटावर आपण तारीख बघतो ना? टायरवरही असते. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या इंग्रजी अक्षरांच्या ओळीत, शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे सापडतील. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे २८१५ लिहिलं असेल तर टायर २०१५ सालच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जुलै महिन्यात तयार झाला. एका बाजूला हे आकडे दिसले नाहीत तर टायरची दुसरी, गाडीच्या आतली बाजू बघायला सांगा. पुष्कळदा पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. आणि चारऐवजी तीनच आकडे निघाले तर तो टायर २००० सालच्या आधीचा. त्याला हात जोडून निरोप द्या.

रबर न वापरताही म्हातारं होतं. ऊन, हवा आणि उष्णता यांनी ते कडक होतं, बारीक भेगा पडतात. कपाटात ठेवलेली कुकरची नवी रिंगसुद्धा काही वर्षांनी ताठ होते, तसंच. मोठे टायर उत्पादक सर्वसाधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्यावेत, आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही शिल्लक असो, बदलून टाकावेत. स्टेपनीसकट.

हे वाक्य भगिनींनी आपल्या यजमानांना जरूर वाचून दाखवावं. ‘नक्षी भरपूर आहे’ हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण गाडी कमी फिरते म्हणूनच नक्षी शिल्लक आहे. टायर घासला नाही, नुसता वाळला. कमी फिरणाऱ्या गाड्यांचा हाच धोका असतो. टायर दिसतो नवा आणि असतो जुना.

नक्षी आणि बाजू

नक्षीसाठीही अंदाज नको. टायरच्या खोल खाचांमध्ये आडवे, बुटके उंचवटे असतात. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत शोधलं की सापडतात. खाच झिजून या उंचवट्याला टेकली की खोली १.६ मिलिमीटर उरली, असं समजायचं. मोटारीसाठी कायद्याने याहून कमी चालत नाही. (स्कूटर, मोटारसायकल आणि रिक्षासाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे.) पावसाळ्यात खाचांतून पाणी बाहेर फेकलं जातं. खाचाच नसतील तर गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी घसरते. म्हणून अगदी टेकेपर्यंत वाट पाहू नये.

झीज कुठे झाली आहे तेही पाहा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शिल्लक, तर हवा बरेच दिवस कमी होती. मध्येच झिजला आणि कडा शिल्लक, तर हवा जास्त होती. एकाच कडेला झिजला तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे. नवे टायर घालून अलाइनमेंट केली नाही तर तेही तसेच झिजतील आणि पैसे पाण्यात.

बाजूवरून हात फिरवा. फुगवटा लागला, चीर दिसली, आतले धागे दिसले तर तो टायर बाद. बाजूच्या चिरेला ठिगळ लावून लांब जायचं नाही, टायरवाला कितीही ‘चालतंय ताई’ म्हणाला तरी.

माप कसं वाचायचं?

आता भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्यांच्या गाडीच्या टायरवर माप आहे १४५/८० आर १२ ७४ टी. भीती वाटण्यासारखं यात काही नाही. सातवीच्या मुलालाही समजेल.

१४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ८० टक्के. १४५ चे ८० टक्के म्हणजे ११६ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल जातीचा टायर. १२ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास, इंचांमध्ये. ७४ हा वजनाचा संकेतांक. तो किलोचा आकडा नव्हे, त्याचा तक्ता असतो आणि त्यात ७४ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ३७५ किलो. शेवटचा ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग.

मारुती ८०० चा टायर असतो १४५/७० आर १२ ६९ एस. रुंदी तीच, रिमही तीच बारा इंची. टायरवाल्याचं ‘बसतो’ म्हणणं अगदी खरं आहे. पण बसणं वेगळं आणि पेलणं वेगळं! ६९ या संकेतांकाला एका टायरमागे ३२५ किलोच मिळतात. म्हणजे प्रत्येक चाकाला ५० किलो ताकद कमी. चार चाकं मिळून २०० किलो.

हिशेब करून पाहू. समजा रिकाम्या गाडीचं वजन ७२० किलो आहे (आपल्या गाडीचं आर.सी. बुकात ‘अनलेडन वेट’ म्हणून लिहिलेलं असतं). तीन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून २६० किलो. लग्नाला जायचं म्हणजे बॅगा, आहेराचं सामान, लाडवांचे डबे, वर कॅरियर, ८० किलो सहज. एकूण १,०६० किलो. चाराने भागलं तर एका चाकावर २६५ येतात, आणि वाटतं की ३२५ पुरे झाले की! पण वजन चारी चाकांवर सारखं कधीच पडत नाही. मागच्या बाकावर तिघं आणि डिकी गच्च भरली की मागची चाकं जास्त दबतात. वळणावर बाहेरच्या चाकावर भार जातो, ब्रेक मारला की पुढच्या. खड्ड्यात तर एकटं चाक काही क्षण दांडगा भार सोसतं. कारखान्याने ७४ चा टायर दिला तो अशा वेळांसाठी हाताशी ठेवलेल्या ताकदीसकट. ती ताकद आपण नेमकी मे महिन्यात, भरल्या गाडीने, वेगाच्या रस्त्यावर का घालवायची?

शिवाय तो टायर उंचीलाही कमी आहे. पहिल्याची एकूण उंची सुमारे ५३७ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे ५०८. म्हणजे गाडी जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली येणार. गतिरोधकावर पोट घासणार. तेवढंच अंतर जायला चाकाला जास्त फेरे घ्यावे लागणार, आणि वेगाचा काटाही चुकणार. काटा १०० दाखवील तेव्हा गाडी ९५ च्या जवळपास असेल.

म्हणून भगिनींना माझं उत्तर स्पष्ट आहे. माप तेच घ्या. वजनाचा आणि वेगाचा संकेत कारखान्याने दिला तेवढा किंवा त्याहून वरचा चालेल, खालचा चालणार नाही. आठ दिवस आधी सांगून ठेवलं तर टायरवाला मागवून देतो. लग्नाची पत्रिका महिनाभर आधी येते, टायरची आठवण मात्र आदल्या संध्याकाळी होते, असं नको व्हायला. आणि घेताना त्यावर आय.एस.आय.ची खूण आणि ताज्या तारखेचे चार आकडे पाहून घ्या. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर नव्याच्या किमतीत घेण्यात अर्थ नाही. जुन्या टायरला वरून नवी नक्षी चढवलेले रिमोल्ड टायर स्वस्त मिळतात, पण मुलाबाळांना घेऊन लांब जाणाऱ्या गाडीला ते नकोत.

दोनच नवे घ्यायची ऐपत असेल तर ते मागे लावा आणि मागचे बरे असलेले पुढे आणा. पुष्कळांना हे उलटं वाटतं. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. पुढची घसरली तर वेग कमी करून निदान ताबा मिळवता येतो.

रिमकडेही पाहा

गाडी जुनी असेल तर टायर नवा आणि रिम जुनी, अशी जोडी जमवायची असते. पाच लिटरच्या कुकरला तीन लिटरची रिंग ताणून बसवण्याचं धाडस आपण कधी करत नाही, आणि झाकणाची कड चेपलेली असेल तर नव्या रिंगेनेही वाफ धरत नाही. रिमचं तसंच आहे.

टायर उतरवलेला असेल तेव्हा दोन मिनिटं उभं राहून रिम बघा. कडेला गंज चढलेला असेल तर तो घासून साफ करायला सांगा, नाहीतर तिथून हवा हळूहळू जात राहते. खड्ड्यात आपटून वाकलेली, ठोकून सरळ केलेली, किंवा नटांच्या भोकांपाशी तडा गेलेली रिम पुन्हा वापरायची नाही.

दुसरी गोष्ट ट्यूबची. फार जुन्या गाड्यांच्या काही रिमा ट्यूबच्या टायरसाठी केलेल्या असतात. बिनट्यूबचा टायर धरून ठेवायला रिमच्या आतल्या अंगाला एक बारीकसा उंचवटा लागतो. तो या रिमांना नसतो. त्यावर ट्यूबलेस टायर बसवला तर हवा कमी असताना जोरात वळण घेतल्यावर त्याची कड सुटू शकते. तेव्हा ‘ही रिम ट्यूबलेसची आहे का?’ हा प्रश्न विचाराच. रिमवरही तिचं माप कोरलेलं असतं. ते टायरशी जुळतं का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहता येतं.

जुळवाजुळवीत अर्धा इंचसुद्धा किती महागात पडतो याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत जुन्या मालवाहू गाड्यांना आणि घरासारख्या राहत्या मोटारींना, ज्यांना तिकडे मोटरहोम म्हणतात, साडेसोळा इंची रिमा असत. सोळा इंची टायर त्यावर ओढूनताणून चढतो, दिसायला बसल्यासारखाही दिसतो. पण कड नीट बसावी म्हणून हवा वाढवत नेली की टायरच्या कडेतली तार तुटून तो स्फोट झाल्यासारखा फुटतो. अशा अपघातांत टायर बसवणारी माणसं दगावली आहेत. म्हणून तिथे सोळा इंची टायर साडेसोळाच्या रिमवर चढवू नका, अशी ताकीद टायरच्या बाजूवरच छापतात. ‘बसतोय की’ हे उत्तर पुरेसं का नाही, ते यावरून ध्यानात यावं.

टायर बदलताना हवा भरायचा रबरी व्हॉल्व्हही नवाच घालून घ्या. थोडक्या पैशांची वस्तू, पण जुना व्हॉल्व्ह चिरला तर नवा टायरही बसतो. चाकाचे नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे असतात. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून पुन्हा आवळून पाहायचे.

हवा किती?

आता राहिली ती चाळीसची गोष्ट. ‘हवा जास्त भरली की जास्त वजन पेलतं’ हे अर्धसत्य आहे. हवा कमी असली तर टायरची ताकद कमी होते, हे खरं. पण पूर्ण हवेला जी ताकद टायरवर लिहिली आहे, तिच्यापलीकडे कितीही हवा भरली तरी ती वाढत नाही. ६९ चा टायर चाळीस हवेने ७४ चा होत नाही. उलट टायर ताठ होतो, मध्यावरच टेकतो, ब्रेकची पकड कमी होते, आणि खड्ड्यात आदळला की फाटायची भीती वाढते.

हवेचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. पट्टी निघून गेली असेल तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सापडेल. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे पुष्कळदा वेगळे असतात, आणि गाडी पूर्ण भरलेली असताना मागे किती वाढवायची तेही लिहिलेलं असतं. लग्नाला जाताना हा भरलेल्या गाडीचा आकडा पाळायचा, परत आल्यावर पुन्हा नेहमीचा.

टायरच्या बाजूवरही ‘मॅक्स प्रेशर’ म्हणून आकडा असतो, ४४ किंवा ५१ असा. हा टायर सोसू शकेल त्याची शेवटची मर्यादा आहे. आपण भरायची हवा ती नव्हे! पुष्कळ पेट्रोल पंपांवर ही गल्लत होते.

हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी, किंवा पंपापर्यंत एखादाच किलोमीटर गेलेली असावी. पहाटे निघायच्या आधी मोजली तर उत्तम. उन्हाने आणि धावण्याने हवा तापून दाब वाढतो. साधारण साडेपाच अंश तापमान वाढलं की एक पीएसआय. पहाटे २५ अंशांवर ३० भरलेली हवा दुपारी ४२ अंशांवर नुसत्या उन्हानेच ३३ च्या घरात जाते. शिवाय धावून गरम झाल्यावर आणखी दोन-चार. हे टायर बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. त्यामुळे वाटेत ढाब्यावर थांबल्यावर ‘हवा जास्त झाली’ म्हणून मुळीच काढू नका. काढली तर थंड झाल्यावर टायर उपाशी राहील, आणि उपाशी टायरच तापतो. बायकांनो, ही एक गोष्ट तरी घरात सगळ्यांना सांगा, कारण उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवावी, असं सांगणारे जाणते पावलोपावली भेटतात.

नायट्रोजन भरावा का, असंही पुष्कळजणी विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा, पण तो भरला म्हणून मोजायचं टाळू नका. टायर बरा असला तरी महिन्याला सुमारे एक पीएसआय हवा आपोआप जाते.

पंपावरच्या मीटरचा भरवसा वाटत नसेल तर घड्याळासारख्या तबकडीचा छोटा गेज घरी आणा. चांगल्या तवा-कढईहून स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. व्हॉल्व्हची टोपी काढायची, गेज घट्ट दाबायचा, आकडा वाचायचा, टोपी पुन्हा लावायची. यात शक्ती लागत नाही. माझ्याकडे मुलांनाच हे काम दिलं आहे. ती वहीत आकडे मांडून ठेवतात, आणि दोन आठवड्यांत एखादं चाक एकटंच उतरलं तर पंक्चर लगेच पकडलं जातं.

विसरलेलं पाचवं चाक

स्टेपनी हा शब्द आपण रोज वापरतो. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचं दुकान होतं. १९०४ च्या सुमारास त्यांनी जादा चाक विकायला सुरुवात केली, त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे चाकालाच चिकटलं. नाव टिकलं, पण चाकाकडे लक्ष देणारं कुणी नाही! डिकीत बॅगांखाली ते वर्षानुवर्षं बिनहवेचं पडून असतं. तेही गाडीच्याच वयाचं असतं, हे विसरू नका. हवा मोजताना पाच चाकं मोजायची. जॅक, पाना आणि दांडी आहे ना, तेही पाहायचं. आणि डिकी भरताना हे सामान सगळ्यांत तळाशी जाणार नाही असं पाहायचं. एरवी ऐन रस्त्यात आहेराची भांडी डांबरावर मांडावी लागतात.

घरात कसं सांगायचं?

आता थोडं नाजूक. भगिनींच्या पत्रात एक ओळ होती: ‘मी बोलले की ह्यांना वाटतं, मी खर्च काढते.’ हे दुखणं घरोघरचं. चार टायरांचा खर्च लग्नाच्या महिन्यात जड जातो, हे मान्यच आहे. पण वाद घालू नका. ‘टायर खराब आहेत’ असं म्हटलं की गाडीवर टीका केल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘जरा या, हे चार आकडे वाचून सांगा ना’, एवढंच म्हणा. २८१५ हे स्वतःच्या तोंडाने वाचलं की पुढचं फारसं सांगावं लागत नाही. दाराची पट्टी आणि टायरची अक्षरं कुणाची बाजू घेत नाहीत.

आणि अगदीच पैशांची सोय होत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. एस.टी.ने किंवा रेल्वेने जा. लग्न चुकत नाही आणि कमीपणाही येत नाही. दहा वर्षांच्या टायरांवर भरली गाडी हाकण्यापेक्षा ते कितीतरी शहाणपणाचं.

निघण्यापूर्वी

कापून स्वयंपाकघरात लावता येईल अशी यादी देते.

१. आठ दिवस आधी: पाचही टायरांची तारीख, नक्षी, बाजू पाहणे. बदलायचे असतील तर त्याच मापाचे सांगून ठेवणे.

२. टायर बदलताना: रिम तपासणे, व्हॉल्व्ह नवा, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट.

३. नव्या टायरांवर शंभरेक किलोमीटर गावाजवळ फिरून नट पुन्हा आवळणे.

४. निघायच्या पहाटे: थंड टायरांत दाराच्या पट्टीप्रमाणे, भरलेल्या गाडीची हवा.

५. टपावर कमीत कमी सामान. जड सामान डिकीत, खाली.

६. दर दोन तासांनी थांबणे. चाकांभोवती एक फेरी मारणे. एखादं चाक इतरांहून जास्त तापलेलं वाटलं तर तिथेच कारण शोधणे.

७. मर्यादा १२० ची असली तरी जुन्या छोट्या गाडीने ८०-९० वर समाधान मानणे.

८. आणि देव न करो, पण टायर फुटलाच तर जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा आणि मग डाव्या कडेला घ्यायचं. माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करायची, गाडीत किंवा गाडीमागे नाही. हे चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. त्या क्षणी शेजारून ओरडून उपयोग नसतो.

वाशीमच्या भगिनींनी लग्नाहून आल्यावर प्रवास कसा झाला ते जरूर कळवावं. आणि तुम्ही सगळ्याजणींनी, हा अंक वाचून झाला की, खाली जाऊन आपल्या गाडीच्या चाकावरचे चार आकडे तेवढे वाचून या. पोळ्यांची कणीक मुरेपर्यंत होणारं काम आहे.

प्रवास सुखाचा होवो!